सहावा ताणा

वहीच्या उजव्या पानावर चार छोटे स्टिकर मी ओळीने चिकटवले होते. प्रत्येकावर पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: धो-१, धो-२, धो-३, धो-४. त्याखाली प्रत्येकाची बेरीज. चहाचा कप वहीशेजारी ठेवून मी ते पान पाहिलं आणि ज्या चिपवरून हे स्टिकर काढले होते त्या चिप टेबलावर शोधू लागले.

टेबलावर चिप नव्हत्या.

फोमचा तुकडा रिकामा होता. त्याखाली नव्हत्या, वहीत नव्हत्या, जमिनीवर नव्हत्या. खोलीत एकच आवाज येत होता, भिंतीलगतच्या पत्र्याच्या पेटीवरल्या टायमरचा. तो मघापासून येत असणार. मला तो तेव्हा ऐकू आला.

मी पेटीचा खण ओढला. खण उघडला की आतला दिवा आपोआप विझतो. विद्यार्थ्यांच्या सहा चिप होत्या, आणि त्यांच्यामध्ये, दिव्याच्या अगदी खाली, जुन्या, पिवळट पडलेल्या चार. टायमर तेरावर थांबला होता. मी तो वीसवर लावला होता.

सात मिनिटं.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी इचलकरंजीतल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळत होते. या जुन्या प्रकारच्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की चिपमध्ये लिहिलेलं सगळं पुसलं जातं, मग ती पुन्हा वापरता येते. आमच्याकडे तेवढ्यासाठी ही पेटी होती. खिडकीवर स्टिकर असेल तर चिप जपायची, नसेल तर पुसायची, असा प्रयोगशाळेचा नियम होता. मुलांच्या हातून गोंधळ होऊ नये म्हणून तो मीच केला होता आणि भिंतीवर मीच लिहून लावला होता.

त्या गुरुवारी सकाळी मी चौगुले सरांच्या चार चिपची नक्कल काढायला बसले होते. चिपचा नंबर स्टिकरखाली झाकला गेला होता आणि नंबर कळल्याशिवाय वाचनयंत्र लावता येत नव्हतं. म्हणून मी स्टिकर सोलून वहीत लावले. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. दहा मिनिटं बोलले. परत आले तेव्हा टेबलावर स्टिकर नसलेल्या दहा चिप होत्या. मी नियमाप्रमाणे वागले.

फोन दांडेकरांचा होता. पुण्यात एक विज्ञान केंद्र जुन्या व्हिडिओ गेमचं दालन उभं करत होतं आणि त्यात काय ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीत ते होते. शनिवारी ते सरांचा खेळ पाहायला येणार होते.

"मॅडम, भावना जरा बाजूला ठेवून सांगा," ते म्हणाले होते. "जुना असणं आणि क्लासिक असणं यात फरक आहे. माझे तीनच प्रश्न असतात. किती यंत्रं विकली गेली? पुढच्या खेळांनी त्यातून काय उचललं? आणि आजही कुणी तो खेळेल का? लहानपणच्या आठवणीसाठी नाही हं. खेळ म्हणून."

"शनिवारी पाहाल ना," मी म्हणाले होते.

खेळाचं नाव 'धोटा'; मागावर आडवा धागा घेऊन धावतो तो धोटा. सरांनी तो अठ्ठ्याऐंशी साली केला, मायक्रोप्रोसेसर शिकवायच्या संचावर, घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. पडद्यावर उभे धागे, म्हणजे ताणा. ते मध्येच दुभंगतात आणि वाट मोकळी होते. त्याच क्षणी बटण दाबून धोटा या काठावरून त्या काठावर फेकायचा. लवकर फेकला किंवा उशिरा फेकला तर धागा तुटतो. तीन धागे तुटले की खेळ संपला. असे सहा ताणे, एकापेक्षा एक अवघड. लाकडी कपाटात बसवून सरांनी तो त्यांच्या मेहुण्याच्या व्हिडिओ पार्लरमध्ये ठेवला होता आणि पाळी सुटली की यंत्रमागावरची माणसं तिथे रांग लावायची. यंत्र एकच होतं. दुसरं कधी केलंच नाही. ज्या वह्यांमध्ये त्यांनी तो लिहिला होता त्या पुराच्या पाण्यात गेल्या. उरल्या होत्या त्या चार चिप.

मी पहिली चिप वाचनयंत्रात बसवली. पूर्ण पुसलेल्या चिपमध्ये सगळीकडे एकच अक्षर दिसतं. तसं दिसलं नाही, पण चिपमधल्या सगळ्या आकड्यांची जी बेरीज सरांनी पेन्सिलीने लिहून ठेवली होती तीही जुळली नाही. दुसरीची जुळली नाही. तिसरीची नाही. चौथीत मोठमोठे पट्टे रिकामे होते.

पुन्हा वाचल्या. पुन्हा जुळल्या नाहीत. मी खुर्चीवर बसले. मला रडू आलं नाही की काही नाही. दार बंद करावं, कुलूप लावावं आणि घरी जाऊन कुणालाच काही सांगू नये, हा विचार मी अगदी नीट, क्रमाने केला. चिप जुन्या आहेत. बावीस वर्षांनी आपोआप गेल्या, असं म्हणता येईल. कुणीही विश्वास ठेवेल.

तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात काठीचा आवाज आला.

सर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांना कंपवात होता, पण घर जवळ असल्याने अधूनमधून चालत यायचे. मला त्यांनी दोन वर्षं शिकवलं होतं. मी त्या चिप पटकन फोममध्ये टोचल्या.

"झाल्या का गं नकला?" त्यांनी आत येऊन स्टूल ओढलं.

"वाचतेय, सर."

"तुझा चेहरा का असा?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही."

"मग खा की. चिप कुठं पळून जात नाहीत." ते हसले. "त्या पुण्याच्या माणसाचा फोन आला होता म्हणे?"

मी तीन प्रश्न सांगितले. माझा आवाज नेहमीसारखा येत होता, याचं मलाच नवल वाटलं.

"किती विकली? एकही नाही. पुढच्यांनी काय उचललं? गावाबाहेर कुणी बघितलंच नाही, तर उचलणार काय." ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "आणि तिसऱ्याचं उत्तर मला कसं ठाऊक असणार? मला स्वतःला तिसऱ्या ताण्यापुढं कधी जाता आलं नाही."

"तुम्हीच केलेला खेळ, सर."

"केला म्हणून काय झालं? तबला करणारा वाजवतोच असं असतं का?" मग त्यांनी हात पुढे केला. "दे बघू जरा. किती दिवसांत बघितल्या नाहीत."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मी एक चिप त्यांच्या तळहातावर ठेवली. ती चौथी होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि खिडकीतून आत पाहू लागले. आत काही कळत नाही. पुसलेली आणि न पुसलेली, दोन्ही सारख्याच दिसतात. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

"स्टिकर काढलास?"

"नंबर बघायला."

"ते ठीक. पण अशी उघडी ठेवू नको. उन्हानंसुद्धा जातं, हळूहळू." त्यांनी टेबलावरची काळी चिकटपट्टी ओढली, तुकडा तोडायला तीनदा प्रयत्न केला आणि तो खिडकीवर बसवून अंगठ्याने दाबला. वाकडा बसला. काढून पुन्हा बसवला. "पुरात वह्या गेल्या तेव्हा घरात सगळे हळहळले. मी म्हटलं, वह्या गेल्या तर जाऊ देत, चिपमध्ये आहे."

त्यांनी चिप मला परत दिली.

"शनिवारी मी शर्ट कुठला घालू?" जाताना त्यांनी विचारलं.

"पांढरा," मी म्हणाले.

काठीचा आवाज जिन्यापर्यंत जाईतो मी तशीच उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते स्टुलावर बसले होते, चिप हातात होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून बरी वेळ पुढे येणार नव्हती आणि ती मी जाऊ दिली.

मग मी दार आतून लावलं आणि विचार करू लागले.

या चिपमध्ये प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो. भरलेला कप्पा आणि रिकामा कप्पा, एवढीच तिची भाषा. अतिनील प्रकाश तो भार बाहेर काढतो, पण हळूहळू. सात मिनिटांत तो कमी झाला असेल, संपला नसेल. पाच व्होल्टवर चिप वाचली की असा अर्धा कप्पा रिकामा वाटतो. व्होल्टेज कमी केलं तर तोच कप्पा भरलेला वाटायला हवा. हे कागदावर बरोबर होतं. करून पाहिलेलं मला कुणी माहीत नव्हतं.

वाचनयंत्राची वायर कापून मी तिथे आमचा बदलता वीजपुरवठा जोडला. साडेचार व्होल्ट. चार. तीन पूर्णांक आठ. प्रत्येक वेळी बेरीज बदलत होती, आणि कुठल्या दिशेला बदलतेय ते पाहायचं मला धैर्य होत नव्हतं. तीन पूर्णांक सहावर पहिल्या चिपची बेरीज आली ती सरांच्या पेन्सिलीतली. मी हात मांडीखाली दाबून बसले. मग पुन्हा वाचली. तीच.

दुपारी चारपर्यंत दुसरी आणि तिसरी जुळली. चौथी जुळली नाही. तिच्यावरचा स्टिकर सोलताना एका कडेचा गोंद साफ निघून आला होता. बाकीच्या काचेवर उरलेल्या गोंदाने प्रकाश अडवला, त्या कडेखाली मात्र भार अगदी नावापुरता उरला होता. कितीही व्होल्ट लावले तरी तिथले अठ्ठेचाळीस आकडे दर वेळी निराळे यायचे. त्यांवरून अंदाजही बांधता येईना.

मिळालं ते नव्या चिपवर लिहून मी कपाटात बसवलं. ते कपाट शनिवारसाठी प्रयोगशाळेतच आणून ठेवलं होतं. खेळ सुरू झाला. पडद्यावर धागे आले. मला दुसऱ्या ताण्यापुढे जाता येईना, म्हणून संगणकावरून एकेक ताणा तपासला. पाच नीट होते. सहावा म्हणजे ते अठ्ठेचाळीस आकडे. अठ्ठेचाळीस वेळा वाट उघडते, आणि प्रत्येक उघडण्याआधीचा वेळ म्हणजे एकेक आकडा. तिथे आता धागे वेड्यासारखे उघडमीट करत होते.

कपाटाच्या डाव्या फळीवर किल्लीने कोरलेली नावं होती. पार्लरमधली रीतच होती ती, की जो जिथवर पोचला त्याने तिथे नाव आणि आकडा कोरायचा. चारवाले पुष्कळ होते. पाचवाले सात. सहाच्या आकड्याशेजारी एकच नाव होतं: द. मुल्ला.

गेटवरच्या रखवालदाराला मी ते नाव सांगितलं. "दस्तगीरभाई? जॉबर हायत की. शहापूर रस्त्याला माग दुरुस्त करत्यात," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी दस्तगीर मुल्ला आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, नखांत काळं तेल. दारातून कपाट दिसताच थांबले.

"लाकडावर नाव कोरलं म्हणून बोलवलंय का काय?" ते म्हणाले. "वीस वर्सांनी दंड?"

"नाही. खेळायला बोलावलंय."

ते हसले, पण मी हसले नाही हे पाहून पडद्यासमोर आले. खुर्ची बाजूला सारून उभ्यानेच खेळू लागले. पहिला ताणा, दुसरा, तिसरा. पडद्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. मान थोडी कलती, नजर कुठेतरी खाली. पाचवा ताणा एकही धागा न तोडता गेला. सहावा सुरू झाला आणि तिसऱ्याच फेकीला धागा तुटला. मग लगेच दुसरा, मग तिसरा.

त्यांनी बटणावरून हात काढला.

"मॅडम, ह्यो सहावा न्हवं."

"माहीत आहे."

"कुनी मोडला?"

खोटं बोलायला जागा होती. "माझ्या हातून," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. त्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. आपलाच गुन्हा मोठ्याने दोनदा सांगणं फार वाईट असतं.

"सरास्नी ठावं हाय?"

"नाही."

"कवा सांगनार?"

मी वाचनयंत्र बंद करू लागले. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमी सोता कितवर जाता?"

"दुसऱ्या ताण्यापर्यंत."

"पवता येत न्हाई आनि हिरीत उतरलाय." त्यांनी खुर्ची ओढली. "बसा. काय करायचं ते सांगा."

"सहावा ताणा कसा होता, आठवतो का?"

"आठवायला काय लागतंय?" त्यांनी टेबलावर तळहात आपटायला सुरुवात केली. दोन लवकर, एक थांबून, तीन लवकर, मग लांब. "धोटा फेकनारा पिकिंगचा पट्टा ढिल्ला झाला की माग असाच वाजतोय. पयले पाच म्हंजे चांगला माग. सहावा बिघडल्याला. जॉबर मानसाला कळनार न्हाई तर कुनाला? चौगुले सरांनी कुठल्यातरी बिघडल्या मागापाशी बसून ल्हिलाय त्यो."

"पार्लर बंद होऊन पंधरा वर्षं झाली."

"बसल्या बसल्या मांडीवर बडवत असतोय मी. बायको म्हनती, हात थांबवा, पोरगं झोपलंय." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरी मशिनं लई आली मॅडम, रंगीत. पन ती फसवायची. मधनंच कायतरी अंगावर यायचं, कुटनं आलं कळायचं न्हाई. ह्यानं एकदाबी फसवलं न्हाई. धागा तुटला की कळायचं, घाई आपलीच. राग मशिनवर नसायचा. म्हनून मानूस परत उभा ऱ्हायचा."

मी टेबलावर मायक्रोफोन ठेवला आणि तो संगणकाला जोडला. त्यांना सहावा ताणा पहिल्यापासून शेवटपर्यंत दहा वेळा बडवायला सांगितलं. माझ्या खुणेपासून पुढे प्रत्येक ठोक्याआधीचा वेळ मोजला. यंत्र काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागात मोजतं, म्हणून तेवढ्याच मापात लिहिला. दहा वेळांची सरासरी काढली. त्यांचा ठोका त्या मापाच्या एका घराहून इकडेतिकडे गेला नव्हता. माझ्या आयुष्यात इतकी सुबक मोजमापं मला क्वचित मिळाली आहेत.

आकडे चिपवर लिहिले. दस्तगीरभाई पुन्हा उभे राहिले. सहावा ताणा आला. मी पडद्याकडे न पाहता त्यांच्या खांद्यांकडे पाहत होते. अठ्ठेचाळीस फेकी. पडद्यावर कापड पुरं झालं.

"ह्योच," ते म्हणाले. त्यांची पाठ घामाने भिजली होती. "मी निघतो. दुसरी पाळी हाय."

ते गेले आणि मी चौथ्या चिपची बेरीज काढली.

सरांच्या पेन्सिलीतल्या बेरजेपेक्षा ती तीनने जास्त होती.

तीन म्हणजे काहीच नाही. कुठल्याही तीन आकड्यांतून एकेक कमी केला की बेरीज जुळली असती. डोळ्याला कळलं नसतं, दस्तगीरभाईंच्या हातालाही बहुधा कळलं नसतं. दांडेकरांना बेरीज दाखवता आली असती, सरांना स्टिकर परत लावून देता आला असता आणि मी सुटले असते. मी तीन आकडे निवडलेही. मग दुसरे तीन निवडले, तेही तितकेच योग्य वाटले. अठ्ठेचाळिसांतून तीन निवडायच्या सतरा हजारांहून अधिक रीती आहेत आणि बेरीज प्रत्येकीला हो म्हणाली असती.

दुसऱ्या वर्षाला असताना मी एका प्रयोगात आलेख सरळ यावा म्हणून एक वाचन बदललं होतं. सरांनी वही पाहिली, त्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे यंत्रानं सांगितलं की तू?" बस, एवढंच. त्या प्रयोगाला मला शून्य मिळालं.

पाच वाजता मी त्यांच्या घरी गेले. फाटकापाशी पोचेपर्यंत आपण परत फिरू असं मला दर दहा पावलांनी वाटत होतं. ओसरीवर ते एकटेच होते. खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला पांढरा शर्ट टांगलेला.

"ये. चहा घेतेस?"

"नको, सर. आधी ऐका."

मी उभ्यानेच सांगितलं. स्टिकर, फोन, पेटी, तुम्ही आलात तेव्हा मी बोलले नाही ते, दस्तगीरभाईंनी सांगितलेले आकडे. काही गाळलं नाही. सरांचा चेहरा हलला नाही. फक्त थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली घेतला. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, यांना आता काही झालं तर मी काय करायचं? फोन आत आहे. दवाखाना दोन चौक पुढे आहे.

"काल चिप माझ्या हातात होती," ते म्हणाले.

"हो."

"मी तिला पट्टी लावत होतो."

"हो, सर."

मी अठ्ठेचाळीस आकड्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा घातला, कागद वर धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हे बरोबर आहेत का ते मला विचारतेस?"

"तीनचा फरक येतोय. कुठे ते कळत नाही. तुम्हाला आठवलं तर..."

"मला यातला एकही आठवत नाही." त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "मेहुण्याच्या कारखान्यात एक माग बिघडला होता. त्याच्याजवळ घड्याळ घेऊन बसलो होतो एक दुपार. दुपार आठवते. आकडे नाही आठवत." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू ते जुळवले नाहीस?"

"नाही."

"मग समितीच्या कागदावर तसंच लिही. तीनचा फरक आहे, कुठं ते माहीत नाही." बोट पुन्हा पहिल्या आकड्याशी आलं. "आणि हे ज्यानं सांगितले, तो कागद बघून सांगत होता?"

"नाही सर. हाताने. टेबलावर बडवून."

"सगळे?"

"दहा वेळा. दर वेळी तेच."

"मी त्याला कधी बघितलंय का?"

"नसेल. तुम्ही पार्लरमध्ये कुठे जायचात?"

सरांनी चष्मा काढला. "किती मिनिटं होत्या पेटीत?"

"सात."

"वीस झाली असती तर?"

"तर काही उरलं नसतं."

त्यांनी कागदाची नीट चौकोनी घडी घातली. हात थरथरत असल्याने वेळ लागला आणि मी मदत केली नाही.

"उरलं असतं," ते म्हणाले. "त्याला पहिल्या ताण्यापासून बडवायला लावावं लागलं असतं, इतकंच. हात सुजला असता बिचाऱ्याचा."

ते उठले आणि खुर्चीखाली पायाने चप्पल शोधू लागले.

"कुठं भेटेल हा माणूस?"

"शहापूर रस्त्याला. पण आता दुसरी पाळी सुरू असेल, सर. आत मागांचा आवाज असतो, काही बोलता यायचं नाही."

"बोलायचं नाहीच मला. बघायचंय." चप्पल सापडली. काठी घेऊन ते पायऱ्या उतरू लागले आणि दुसऱ्या पायरीवर त्यांनी आधारासाठी माझं मनगट धरलं.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलोय की. पुष्कळ रागावलोय," ते म्हणाले. "ते येताना बोलू. आधी रिक्षा थांबव."